१९७१च्या शेव्हर्ले सी-१० पिकअपसाठी घरी केलेले हौद्याचे झाकण : हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

माझ्याकडे १९७१ सालची, १२७ इंची व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधल्या अंतराची) शेव्हर्ले सी-१० आहे. तिच्या लांब हौद्यासाठी मागच्या उन्हाळ्यात मी प्लायवूडचे झाकण घरी तयार केले. ओहायोतला पाऊस, बर्फ आणि ऊन हे सारे त्याने सोसून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे.

या हौद्याची जमीन लाकडी फळ्यांची असून सांध्यांवर लोखंडी पट्ट्या आहेत. पट्टीखाली पाणी मुरले की फळी कुजू लागते, आणि झाकण हवे होते ते एवढ्यासाठीच. तयार मिळणारी झाकणे बहुतेक नव्या गाड्यांच्या मापांची असतात. शिवाय पन्नास वर्षे ओझी वाहिलेला हौदा गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, राहत नाही. माझ्या हौद्याचे दोन कर्ण मोजले तेव्हा त्यांत पाऊण इंचाचा फरक निघाला. म्हणून कडांवर पुठ्ठा ठेवून प्रत्यक्ष आकार उतरवून घेतला आणि त्याबरहुकूम ॲल्युमिनियमच्या एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा केला. हौद्याच्या कडेवर खांब उभे करण्यासाठी मुळातच चौकोनी खाचा असतात; सांगाडा त्यांतच बोल्टांनी आवळल्यामुळे जुन्या पत्र्याला एकही नवे भोक पाडावे लागले नाही, याचे मला सर्वांत अधिक समाधान आहे.

हौदा आठ फुटांहून दोनेक इंच लांब आहे आणि प्लायवूडची शीट नेमकी आठ फुटांची. त्यामुळे दोन तुकडे आडवे बसवले आणि मध्ये उरलेल्या दोन इंचांत ॲल्युमिनियमची पन्हळ टाकली. पुढचा भाग पक्का आहे. मागचा भाग पन्हळीलगतच्या पियानो बिजागरीवर (कडेच्या पूर्ण लांबीच्या सलग बिजागरीवर) फाळक्याच्या बाजूने उघडतो. बिजागरी पुढच्या अंगाला असल्याने हमरस्त्यावरच्या वाऱ्याने झाकण उघडण्याची धास्ती राहत नाही, तरी मागे दोन कड्या आहेतच.

प्लायवूड अर्धा इंची मरीन प्रतीचे घेतले. त्यातला गोंद पाण्याला दाद देत नाही, पण लाकूड कुजायचे ते कुजतेच, आणि पाणी शिरते ते मुख्यतः कापलेल्या कडांतून. म्हणून कडांना पातळ इपॉक्सीचे (घट्ट होणाऱ्या राळेचे) हात, आधीचा पुरता जिरेपर्यंत थांबून, पुन्हा पुन्हा दिले. उन्हाने इपॉक्सी पिवळे पडून त्याची भुकटी होते, तेव्हा वरून बाहेरच्या कामाचा रंग हवाच. आज कडेवर नख दाबून पाहिले तर कोठेही मऊ लागत नाही. फक्त कड्यांजवळ, जिथे लोखंड घासते, तिथला रंग उडाला आहे.

पाणी पूर्णपणे अडवण्याचा हट्ट मी धरला नव्हता. रबराच्या पट्टीतून जे झिरपेल ते पन्हळीत उतरावे आणि तिच्या टोकांच्या नळ्यांतून गाडीखाली जावे, अशी योजना आहे, आणि साध्या पावसात हौदा कोरडा राहतो. फाळक्याच्या दोन्ही कोपऱ्यांत मात्र मुसळधार पावसात हातरुमाल भिजेल इतके पाणी येतेच; तो दोष झाकणाचा नसून फाळका आणि बाजूची भिंत यांच्यामधल्या फटीचा आहे.

गैरसोयी दोन आहेत. सांगाड्यासह उचलायचा भाग जवळपास वीस किलोंचा आहे. त्याला गॅस स्ट्रट (दाबलेल्या वायूच्या जोरावर झाकण उचलून धरणारे दांडे) लावले आहेत, पण तापमान २० अंशांवरून उणे १० अंशांवर गेले की आतल्या वायूचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. उन्हाळ्यात आपसूक उभे राहणारे झाकण जानेवारीत, त्यातून वर बर्फ असताना, हळूहळू डोक्यावर येते. नवे स्ट्रट घेणाऱ्याने थंडीचा हिशेब धरूनच घ्यावेत. मी तूर्त लाकडी टेकू देतो. दुसरी गैरसोय अशी की पुढचा भाग उघडत नसल्यामुळे केबिनपाशी सरकलेली पिशवी काढायला लांब आकडी लागते. बायकोच्या मते एवढ्यावरूनच झाकण नापास आहे. तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, म्हणून पुढच्या भागाचे बोल्ट काढून तिथे हाताने फिरवायच्या मुठी बसवण्याचे काम या वसंतात हाती घेतले आहे.