वालाला जाळी द्यावी की सुतळी?

वालपापडी लावायची म्हटलं की आधाराचा प्रश्न जूनमध्येच पुढ्यात येतो. मांडव घालण्याइतकी जागा असेल तर मांडवच घालावा. नसेल तर नायलॉनची वेलजाळी किंवा तारेवरून सोडलेल्या सुतळ्या, एवढेच पर्याय उरतात.

जाळी झटपट ताणून होते, वाऱ्यात फारशी हलत नाही आणि काही हंगाम टिकते. घेताना पंजा आरपार जाईल अशी, पाच-सहा इंची चौकटीची घ्या. बारीक चौकटीत शेंगा अडकून वाकड्या होतात, शिवाय पलीकडची शेंग तोडता येत नाही ती नाहीच.

माझ्या मनातून जाळी उतरली ती हंगाम संपल्यावर. कारल्या-काकडीला धरायला तंतू असतात, वालाला नसतात. त्याचं खोडच आधाराला पिळे घालत चढतं, म्हणून जाळीचे आडवे धागे त्याच्या फारसे कामाचे नाहीत. शेंडा एका चौकटीतून आत शिरतो, दुसरीतून बाहेर येतो. जूनचा वाल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाही, त्यामुळे शेंगा संपेपर्यंत वेल सहा-आठ महिने जाळीवर असतो आणि खालचं खोड लाकडासारखं होतं. ओढलं तर जाळी फाटते. कात्रीने वीतभर तुकडे करत एकेक पिळा सोडवायचा, आणि तरी गाठींपाशी वाळका पाला उरतोच. त्यात नायलॉनचे कातरलेले धागे कंपोस्टमध्ये गेले की पुढे वर्षानुवर्षं हाताला लागत राहतात.

सुतळी कापली की वेलासकट खाली येते आणि तशीच कंपोस्टमध्ये टाकता येते. मुळं मात्र उपटू नका. त्यांवरच्या गाठींतला नत्र मातीतच राहू द्यावा.

सुतळीची खोड म्हणजे ती ओल्या मातीत कुजते आणि ऐन शेंगांच्या भरात वेल लोंबकळतो. म्हणून खालचं टोक पुरू नका. मातीच्या चार बोटं वर, खुंटीला बांधा. कोकणातल्या पावसात साध्या सुतळीपेक्षा काथ्या बरा. वरची तार सहा-साडेसहा फुटांवर, म्हणजे तोडणी हाताच्या टप्प्यात राहते. दर रोपाला एक सुतळी, दोन सुतळ्यांत निदान नऊ इंच. शेंडा तो आपणहून वळतो त्याच दिशेने गुंडाळा, उलटा गुंडाळला तर सुटून येतो. तारेपाशी पोचला की खुडा, बगलफांद्या फुटतात. या मोकळ्या रांगांत कोवळ्या शेंड्यावरचा मावाही लवकर दिसतो आणि बोटांनी चिरडता येतो. जाळीवरच्या दाट पाल्यात तो बराच पसरल्यावर कळतो.

उंच इमारतीच्या गच्चीवर वारा फार असेल तर जाळीला पर्याय नाही, हे मान्य. घरात जाळी आधीच असेल तर ती कारल्याला द्या, वालाला सुतळीच.