जेंटूचे नऊ महिने: नको असलेले कंपायलर आणि लायब्ऱ्या हुडकताना

रोजच्या लॅपटॉपवर जेंटू, म्हणजे प्रोग्रॅम सोर्समधून आपल्याच मशीनवर बांधून घेणारं लिनक्स, टाकून नऊ महिने झाले. मशीन जुनं आहे, चार कोअर, आठ जीबी रॅम, ग्राफिक्स इंटेलचंच. काम म्हणाल तर ब्राउझर, इंकस्केप, पीडीएफ आणि अधूनमधून गणितासाठी ऑक्टेव्ह. स्पीड वाढला का वगैरे मी मोजलेलं नाही आणि त्यासाठी घेतलंही नव्हतं, मला फक्त एवढंच कळायला हवं होतं की माझ्या मशीनवर काय काय आहे आणि ते का आहे.

पहिल्याच आठवड्यात एक छोटासा इमेज व्ह्यूअर टाकायला गेलो तर इमर्जच्या (जेंटूत पॅकेज टाकायची कमांड) यादीत अख्खा रस्ट कंपायलर, म्हणजे रस्ट भाषेतला कोड बांधणारा प्रोग्रॅम. फोटो बघायला कंपायलर कशाला? मग तीच यादी ट्री लावून बघितली आणि साखळी दिसली, व्ह्यूअरला खिडक्या-बटणं काढणारं जीटीके हवं, त्याला आयकॉनसाठी एसव्हीजी चित्रं काढणारं लिबआरएसव्हीजी हवं, आणि ते २०१६ पासून रस्टमध्ये लिहायला घेतलंय. म्हणजे रस्ट फक्त बांधताना लागतं, चालवताना नाही. तिथे मी रस्ट सोर्समधून बांधायचा नाद सोडला आणि तयार रस्ट-बिन घेतलं, आठ जीबीच्या मशीनवर तेच शहाणपणाचं. शिवाय २०२३ च्या डिसेंबरपासून जेंटूची स्वतःची तयार बायनरी पॅकेजंही मिळतात, त्यामुळे सगळं घरीच बांधायला पाहिजे असं आता राहिलेलं नाही.

तेव्हापासून सवयच लागली, नको असलेलं काही दिसलं की आधी विचारायचं हे कोणी मागितलं, आणि बांधायला मागितलं की चालवायला. उत्तर मिळेपर्यंत काही उडवायचं नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका स्कॅनिंगच्या प्रोग्रॅमने, नाव सांगत नाही. एक ऑडिओ लायब्ररी मला अजिबात नको होती, तिचे यूज फ्लॅग (पॅकेजमधल्या सोयी चालू-बंद करायची बटणं) सगळीकडे बंद केले, डेपक्लीन (कोणाला न लागणारी पॅकेजं काढणारी कमांड) चालवलं, तर पोर्टेज, म्हणजे जेंटूचा पॅकेज मॅनेजर, म्हणालं की लिंकिंग तुटू नये म्हणून हे पॅकेज काढत नाही, आणि खाली त्या स्कॅनिंगवाल्याचं नाव. स्कॅनरला आवाज कशाला लागतो? ईबिल्डमध्ये, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाईलमध्ये, त्या लायब्ररीचा उल्लेखसुद्धा नाही. शेवटी बिल्डचा लॉग उघडून एकेक ओळ वाचत गेलो आणि सापडलं, बांधण्याआधी मशीन तपासणारी कन्फिगर स्क्रिप्ट गुपचूप चाचपते की ही लायब्ररी मशीनवर आहे का, आणि असली तर कोणाला न विचारता जोडून टाकते. जेंटूवाले याला ऑटोमॅजिक म्हणतात. यातली खरी अडचण अशी की पोर्टेज सांगतं प्रोग्रॅम परत बांधा, पण परत बांधला तर लायब्ररी अजून तिथेच असते, म्हणजे तो परत तीच पकडणार! बंद करायचा पर्यायच स्क्रिप्टमध्ये नव्हता. मग त्या एका पॅकेजपुरती एन्व्ह फाईल (बांधतानाच्या सेटिंग्जची) केली, त्यात कन्फिगरच्या त्या चाचणीचं उत्तर आधीच "नो" लिहून ठेवलं आणि परत बांधलं. रीडएल्फ (प्रोग्रॅमच्या फाईलच्या आत काय लिहिलंय ते दाखवणारं टूल) लावून बघितलं तर नीडेडच्या, म्हणजे थेट लागणाऱ्या लायब्ऱ्यांच्या, १४ ओळींच्या १३ झालेल्या, आणि पुढचं डेपक्लीन निमूटपणे ती लायब्ररी घेऊन गेलं. त्या एका ओळीसाठी रविवार गेला पण मला फार बरं वाटलं. प्रोग्रॅमच्या लेखकांना रीतसर पर्याय देणारा पॅच पाठवला, त्यांनी तो घेतलाही.

इथे एक सांगतो, यासाठी नुसत्या एलडीडीवर (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ऱ्या दाखवणारी कमांड) जाऊ नका. ते लायब्ररीच्या लायब्ररीच्या लायब्ऱ्यासुद्धा दाखवतं, यादी बघून माणूस घाबरतो आणि भलत्याच प्रोग्रॅमला दोष देतो. थेट कोणी मागितलंय ते रीडएल्फ सांगतं, आणि जोडलंय पण वापरत नाही असं काय आहे ते एलडीडीला मायनस यू दिलं की दिसतं. जेंटूत लिंकरला (प्रोग्रॅमला लायब्ऱ्या जोडणारं टूल) ॲज-नीडेड, म्हणजे खरंच लागेल तेच जोड, हा पर्याय आधीपासूनच लावलेला असतो म्हणून असा फुकटचा भार कमी दिसतो. पण मी हाताने बांधलेल्या एका टूलमध्ये तो पर्याय कमांडच्या शेवटी टाकला आणि काहीच फरक पडेना, अर्धा दिवस कळेना का, तर तो लायब्ऱ्यांच्या आधी यावा लागतो, त्याच्यानंतर येणाऱ्यांनाच तो लागू होतो. जागा बदलली आणि २२ ओळींच्या ९ झाल्या.

मेसाचं, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅकेजचं, प्रकरण मात्र अर्धंच जमलं. इंटेलच्या माझ्या कार्डाला शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाईल करायला एलएलव्हीएम (कंपायलर बनवायचा मोठा संच) लागत नाही म्हणून तो फ्लॅग बंद केला, सॉफ्टवेअर रेंडरिंगचं (सीपीयूवरच चित्र काढायचं) एलएलव्हीएमपाईप त्याबरोबर गेलं, ते मला चालण्यासारखं होतं. पण नव्या मेसात इंटेलचा ड्रायव्हर बांधतानाच काही कर्नल (चिपवर चालणारे छोटे प्रोग्रॅम, लिनक्सचा कर्नल नव्हे) कंपाईल करायला एलएलव्हीएमवरचा क्लँग कंपायलर लागतो, त्यामुळे एलएलव्हीएम डिस्कवर आहेच, फक्त ड्रायव्हरला जोडलेलं नाही. हे मी मान्य केलंय.

लिबएसटीडीसी-प्लस-प्लस (सी-प्लस-प्लसची मूळ लायब्ररी) बघून जीसीसी कंपायलर काढायला जाऊ नका हं. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये ती लायब्ररी वेगळ्या पॅकेजमध्ये असते, जेंटूत ती जीसीसीच्याच पोटात आहे, जीसीसी गेलं की सी-प्लस-प्लसचे सगळे प्रोग्रॅम आडवे.

एवढा खटाटोप कशाला असं घरीही विचारतात. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या पॅकेजचा घोळ झाला तो आठवा. दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या ओपनएसएसएचला एक्सझेडची लिबएलझेडएमए लायब्ररी लागतच नाही, पण काही डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या वेगवेगळ्या संचांनी) त्याला पॅच मारून लिबसिस्टमडी जोडलं होतं, त्याच्या मागून लिबएलझेडएमए आत आली आणि तिच्यातून बॅकडोर, म्हणजे चोरवाट. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाचे प्रोग्रॅमर खोलात गेले म्हणून ते सापडलं. न वापरता जोडलेल्या ओळीकडे मी तेव्हापासून किरकोळ म्हणून बघत नाही.

घ्यावं का, तर शनिवार-रविवार हाताशी असतील आणि लॉग वाचायचा कंटाळा नसेल तर जरूर घ्या. उद्या सकाळी लॅपटॉप चालू हवाच असेल तर डेबियन बरं. माझ्याकडे आता फोरट्रान भाषेचा कंपायलर राहिलाय, तो ऑक्टेव्हच्या लापॅकला (गणिताची लायब्ररी) खरंच लागतो, म्हणून त्याला हात लावलेला नाही.