लॉनच्या पाण्याचे व्हॉल्व्ह: 14 महिने वापरल्यावर

लॉनसाठी बसवलेल्या पाच व्हॉल्व्हना आता 14 महिने झाले. फवाऱ्यांच्या तीन लाइनवर प्रत्येकी एक इंची सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने चालणारा), लांबच्या कोपऱ्यात बॅटरीवर चालणारा एक आणि झुडपांच्या ठिबकला एक. या सगळ्यांच्या आधी मुख्य लाइनवर हाताने फिरवायचा साधा बॉल व्हॉल्व्ह. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर "छान चालतात, घ्या" यापलीकडे काही सुचलं नसतं. त्यानंतर दोन व्हॉल्व्ह बंद व्हायचे थांबले, एक उघडेना, आणि एकदा तर व्हॉल्व्हचा काहीही दोष नसताना मी तो पूर्ण खोलला. आता सांगण्यासारखं बरंच जमलं आहे.

सगळ्यात आधी सोलेनॉइड व्हॉल्व्ह आतून चालतो कसा ते सांगते, कारण ते कळेपर्यंत मी नुसती अंदाजाने पाना फिरवत होते. माझी समजूत अशी होती की वीज आली की कॉइल पाण्याची वाट उघडते. ते शक्यच नाही. लाइनमध्ये तीन बार दाब असेल तर दर चौरस सेंटिमीटरवर साधारण तीन किलोचा जोर पडतो. एक इंची तोंडाचं क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे झाला सुमारे पंधरा किलोचा जोर. अंगठ्याएवढी कॉइल तो पेलणार नाही. तिच्या वाट्याला फार हलकं काम असतं: एक बारीक भोक उघडायचं. मोठी वाट पाणी स्वतःच उघडतं.

आत रबराचा एक गोल पडदा असतो, त्यालाच डायफ्रॅम म्हणतात. आलेलं पाणी एका सुईएवढ्या भोकातून पडद्याच्या वरच्या कप्प्यातही जातं. वर आणि खाली दाब सारखाच; पण वरून तो पडद्याच्या पूर्ण पसाऱ्यावर पडतो आणि खालून फक्त काही भागावर, कारण मधला भाग सीटवर, म्हणजे पाण्याच्या वाटेच्या काठावर, टेकलेला असतो आणि त्याच्या पलीकडे रिकामा पाइप असतो. वरचा जोर जास्त, शिवाय वर स्प्रिंग. म्हणून पडदा दबून राहतो आणि व्हॉल्व्ह बंद. कंट्रोलरने (व्हॉल्व्हना वेळेवर वीज देणाऱ्या पेटीने) 24 व्होल्ट एसी दिले की कॉइलमधला छोटा प्लंजर, म्हणजे दांडा, उचलला जातो आणि वरच्या कप्प्यातलं पाणी दुसऱ्या भोकातून पुढच्या पाइपात निसटतं. हे भोक पहिल्यापेक्षा मोठं असल्याने कप्पा भरण्यापेक्षा रिकामा लवकर होतो, वरचा दाब पडतो आणि खालचं पाणी पडदा ढकलून वाट करून घेतं. वीज गेली की प्लंजर खाली बसतो, कप्पा हळूहळू भरतो आणि पडदा सावकाश टेकतो. बंद व्हायला काही सेकंद लागतात याची मला आधी चीड यायची. आता तेच बरं वाटतं: वेगात असलेलं पाणी एकदम अडवलं तर पाइपात दणका बसतो आणि सांधे सैल होतात.

एवढं डोक्यात बसलं की बिघाड शोधताना पहिल्यांदा फक्त ती दोन भोकं आठवायची. पडद्याचं बारीक भोक बुजलं तर कप्पा भरत नाही आणि व्हॉल्व्ह बंद होत नाही. कॉइलखालचं भोक बुजलं तर कप्पा रिकामा होत नाही आणि तो उघडत नाही. माझा पहिला व्हॉल्व्ह पंधरा दिवसांतच बंद व्हायचा थांबला होता. खोलल्यावर सीट आणि पडदा यांच्यामध्ये पीव्हीसी पाइप कापतानाचा भुसा सापडला. चूक जोडणीतली होती. पाइप जोडल्यावर व्हॉल्व्हच्या टोप्या आणि पडदे काढून लाइनमधून भरपूर पाणी सोडायचं आणि मगच ते परत बसवायचे, हे त्या वेळी केलंच नव्हतं. दुसऱ्या व्हॉल्व्हमध्ये वाळूचा एकच कण प्लंजरच्या टोकाखाली अडकला होता. मुख्य लाइनवर जाळीचा फिल्टर लावल्यापासून हा त्रास पुन्हा झालेला नाही. फिल्टर आधीच लावायला हवा होता.

उघडत नसलेल्या व्हॉल्व्हच्या वेळी मी थेट नवीन कॉइल आणायला निघाले होते. बरं झालं, आधी हाताने चालवून पाहिला. कॉइल पाव फेरा सैल केली (काही व्हॉल्व्हना यासाठी वेगळा छोटा स्क्रू असतो) की कप्प्यातलं पाणी निसटतं आणि व्हॉल्व्ह विजेशिवाय उघडतो. तो उघडला, म्हणजे पाण्याची बाजू ठीक आणि दोष विजेत. मग तारा सोडवून मल्टिमीटर लावला. 24 व्होल्टच्या चांगल्या कॉइलचा रोध साधारण 20 ते 60 ओहमच्या दरम्यान येतो. माझी व्यवस्थित निघाली. खराब झाला होता तारांचा सांधा. मातीतल्या ओलाव्यात नुसत्या चिकटपट्टीखाली तांबं हिरवं पडून तुटलं होतं. आता सगळे सांधे ग्रीस भरलेल्या जलरोधक टोप्यांत आहेत आणि व्हॉल्व्ह ठेवलेल्या चेंबरच्या तळाशी खडी पसरली आहे, म्हणजे पाणी साचून राहत नाही.

आता प्रकारांबद्दल. माझे तीन मुख्य व्हॉल्व्ह सरळ, म्हणजे पाणी एका बाजूने आत आणि समोरून बाहेर. यांच्या अंगावर बाण असतो. उलटा बसवला तर व्हॉल्व्ह नीट चालत नाही. कोनाचा प्रकारही मिळतो, ज्यात पाणी खालून येतं आणि बाजूने जातं. पाइप जमिनीत खोलवरून वर येत असेल तर तो घ्यावा, एक एल्बो वाचतो आणि दाबही कमी घटतो. लाइन पिण्याच्या पाण्याला जोडलेली असेल तर अँटी-सायफन प्रकाराचा विचार गांभीर्याने करा. मुख्य लाइनमधला दाब अचानक पडला तर लॉनमधलं खतमातीचं पाणी उलट ओढलं जाऊ शकतं. हा व्हॉल्व्ह त्या क्षणी हवा आत घेऊन ती ओढ तोडतो. मात्र तो सगळ्यात उंच फवाऱ्यापेक्षा निदान सहा इंच वर, जमिनीबाहेर बसवावा लागतो आणि त्याच्या पुढे दुसरा व्हॉल्व्ह चालत नाही. मी उलट प्रवाह रोखणारी जोडणी मुख्य लाइनवरच वेगळी केली, म्हणून माझे व्हॉल्व्ह जमिनीखाली राहू शकले.

दोन गोष्टी विकत घेताना नक्की पाहा. पहिली, प्रवाह कमी-जास्त करायची चाकी. तिच्यामुळे जवळच्या फवाऱ्यांचं धुकं होणं मी थांबवू शकले. दुसरी, टोपी. माझ्या दोन व्हॉल्व्हची टोपी स्क्रूंची आणि एकाची बरणीच्या झाकणासारखी फिरवून उघडायची. चिखलात गुडघे टेकून सहा स्क्रू सांभाळताना फिरकीच्या टोपीची किंमत कळते. ती बसवताना मात्र पडदा दुमडू न देणं जपावं लागतं.

बॅटरीचा व्हॉल्व्ह वेगळ्या स्वभावाचा. त्याची कॉइल सतत वीज खात नाही. टायमर क्षणभर झटका देतो, प्लंजर वर जातो आणि चुंबक त्याला तिथेच धरून ठेवतं. उलट दिशेचा झटका आला की तो सुटतो. म्हणून नऊ व्होल्टची एक बॅटरी महिनोन्‌महिने पुरते. यात एक धोका आहे. एसीचा व्हॉल्व्ह वीज गेली की आपोआप बंद होतो, हा मात्र उघडा असताना बॅटरी संपली तर उघडाच राहतो. बॅटरी उतरू लागली की आधीच व्हॉल्व्ह बंद करून ठेवणारे टायमर मिळतात, तसाच घ्या. तारांचा रंगही पाहून जोडा, इथे दिशेला अर्थ आहे.

ठिबकला मी आधी उरलेला साधा व्हॉल्व्हच लावला होता. तो नीट बंद होईना. पडद्याला टेकायला आणि उचलायला थोडा तरी प्रवाह लागतो आणि ठिबकचा प्रवाह त्याहून कमी होता. कमी प्रवाहासाठी बनवलेला व्हॉल्व्ह, मागे फिल्टर आणि पुढे दाब कमी करणारा नियंत्रक असा संच लावल्यावर तक्रार संपली. हेच दाबाच्या बाबतीतही खरं आहे. नुसत्या उंच टाकीवर लॉन चालवणार असाल तर हिशेब करा: दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार मिळतो, आणि डायफ्रॅमचे बरेच व्हॉल्व्ह त्याच्या आसपासच नीट काम करू लागतात. त्याहून कमी दाबाला मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह घ्यावा, त्याला पाण्याच्या दाबाची मदत लागत नाही.

आता तो दोष नसताना खोललेला व्हॉल्व्ह. पाणी बंद झाल्यावरही उताराच्या टोकाचा फवारा गळत होता. मी नवीन पडदा बसवला, गळती तशीच. नंतर तास-दीड तास तिथे थांबून पाहिलं तेव्हा गळती आपोआप थांबली. पाइपात उरलेलं पाणीच सगळ्यात खालच्या फवाऱ्यातून निथळत होतं. व्हॉल्व्ह गळत असता तर पाणी थांबलंच नसतं. त्या फवाऱ्यात चेक व्हॉल्व्ह (उरलेलं पाणी अडवून धरणारा) बसवला आणि काम झालं.

बसवताना आणखी एक जपा: प्लास्टिकच्या आट्यांत लोखंडी निपल आवळू नका, तडा जातो. टेफ्लॉन टेप गुंडाळून हाताने घट्ट करा आणि पान्याने वर एखादा फेरा द्या, त्याहून जास्त नको.

अजून मास्टर व्हॉल्व्ह बसवायचा राहिला आहे. एखादी लाइन चालू असेल तेवढाच वेळ तो मुख्य पाणी सोडतो, त्यामुळे पुढचा व्हॉल्व्ह अडकला तरी रात्रभर पाणी वाहत नाही. फक्त बॅटरीचा व्हॉल्व्ह माझ्या कंट्रोलरला जोडलेला नाही, त्याच्या वेळेला मास्टर उघडणारच नाही. म्हणून त्याची शाखा मास्टरच्या आधीच काढावी लागेल. तेवढं खोदकाम पुढच्या महिन्यात करणार आहे.