खांद्याला इंजेक्शन की शॉकवेव्ह?
ठाणे लोकलमध्ये वरचं हँडल धरलं की खांद्यातून कळ येते असं सांगणारे खूप जण भेटतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला, स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ की शॉकवेव्ह, म्हणजे यंत्राने बाहेरून ठोके द्यायचा उपचार?

इंजेक्शनने आराम लवकर पडतो, रात्री त्या कुशीवर झोपता येतं, पण काही महिन्यांत असर ओसरतो आणि परत परत टोचून घेतलं तर टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) कमजोर होऊ शकतो. शुगर असेल तर काही दिवस वाढते, आधी सांगाच.

शॉकवेव्हचं काम सावकाश. सुप्रास्पायनेटस, म्हणजे हात वर उचलणाऱ्या खांद्याच्या स्नायूचा टेंडन हाडाला चिकटतो तिथून साधारण १ सेंटीमीटर अलीकडे रक्तपुरवठा मुळात कमी मानतात, म्हणून झीज लवकर भरत नाही. जेल लावून यंत्राचं टोक टेकवतात, टकटक ठोके बसतात, दुखतं थोडं, आणि आठवड्याला एक अशा काही सिटिंग लागतात. सशांवरच्या प्रयोगात ठोक्यांनंतर टेंडन आणि हाडाच्या जोडाशी नव्या बारीक रक्तवाहिन्या दिसल्यात.

माझं मत स्पष्ट आहे, एक्सरेत कॅल्शियम साचलेलं दिसलं तर शॉकवेव्हच करा, पुरावा तिथेच सगळ्यात चांगला आहे, नसेल तर एवढे पैसे घालू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आणि फिजिओने दिलेला व्यायाम दोन्हीकडे करावाच लागतो.