कॉनन डॉइल स्वतः तपासाला निघतात तेव्हा : 'आर्थर अँड जॉर्ज'

एखाद्या ख्यातनाम लेखकाला हौशी गुप्तहेर बनवणाऱ्या ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांत बहुधा गुन्हा कल्पित असतो आणि लेखकाचे नाव तेवढे खरे असते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आणि त्याच वर्षी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोहोचलेल्या जूलियन बार्न्स यांच्या 'आर्थर अँड जॉर्ज' या कादंबरीत मात्र गुन्हा, आरोपी आणि तपास हे सारेच प्रत्यक्षात घडलेले आहे. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी हाती घेतलेले हे प्रकरण आपल्याकडच्या वाचकाला परके वाटू नये, कारण त्यातील आरोपी जॉर्ज एडलजी याचे वडील शापूरजी हे मूळचे मुंबईचे पारशी होते. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वायर्ली या गावात धर्मगुरू झाले होते.

१९०३ मध्ये या परिसरात रात्रीच्या वेळी घोडे, गाई आणि मेंढ्या यांची पोटे चिरण्याचे प्रकार घडू लागले, निनावी पत्रे फिरू लागली आणि बर्मिंगहॅममध्ये वकिली करणाऱ्या, रेल्वे प्रवाशांसाठी कायद्याची पुस्तिका लिहिणाऱ्या जॉर्जला अटक झाली. तो वडिलांच्याच खोलीत, आतून कुलूप लावून झोपत असे, आणि त्याच्या अटकेनंतरही जनावरांवरील हल्ले थांबले नव्हते. तरीही त्याला सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण निर्दोष ठरला नाही. डॉइल त्याला प्रथम पाहतात तेव्हा तो वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ आणि तिरके धरून वाचत असतो. डॉइल नेत्रवैद्यक शिकलेले होते, त्यामुळे इतक्या अधू दृष्टीचा माणूस काळोखात शेते ओलांडून जनावर गाठेल हे त्यांना पटणेच शक्य नव्हते.

होम्सच्या कथेत एवढ्या निरीक्षणावर प्रकरण मिटले असते. बार्न्स तेथे थांबत नाहीत, आणि म्हणूनच ही कादंबरी मला या प्रकारातील इतर पुस्तकांपेक्षा फार मोठी वाटते. डॉइल आणि पोलीसप्रमुख कॅप्टन ॲन्सन यांच्या भेटीचे प्रकरण तर पुनःपुन्हा वाचावे असे आहे : जेवणाच्या शिष्ट गप्पांमधून ॲन्सनचा वंशद्वेष हळूहळू उघडा पडतो, पण त्याच वेळी त्याचे काही प्रतिप्रश्न डॉइलना निरुत्तर करतात. पुढे डॉइल खऱ्या गुन्हेगाराचे नाव उत्साहाने मांडतात, तेव्हा वकिली शिस्तीने विचार करणाऱ्या जॉर्जला जाणवते की हा पुरावा आपल्याला ज्या पुराव्यावर शिक्षा झाली त्याच्याइतकाच तकलादू आहे. उपकारकर्त्याविषयी अपार कृतज्ञता बाळगूनही त्याच्या तर्कातील खोट पाहणारा जॉर्ज हाच मला या पुस्तकातील खरा चिकित्सक वाटतो. स्वतःला पूर्ण इंग्रज मानणारा, रंगामुळे आपल्यावर अन्याय झाला हे शेवटपर्यंत मान्य न करणारा हा माणूस बार्न्स यांनी कुठलीही कीव न करता रंगवला आहे.

उणिवाही आहेत. डॉइल यांची क्षयाने आजारी पत्नी आणि प्रेयसी जीन लेकी यांच्यातील त्यांची ओढाताण आवश्यकतेपेक्षा बरीच लांबली आहे, आणि तेवढ्या वेळात जॉर्ज नजरेआड राहतो याची चुटपुट लागते. शापूरजींच्या मुंबईतील आयुष्यालाही फारच थोडी जागा मिळाली आहे. धर्म, देश आणि भाषा मागे टाकून आलेल्या या पित्याच्या मनात न्यायालयात काय चालले असेल, हे अधिक खोलवर वाचायला मिळायला हवे होते.

१९०७ मध्ये जॉर्जला माफी मिळाली, नुकसानभरपाई मात्र नाकारली गेली, कारण चौकशी समितीने निनावी पत्रांचा ठपका त्याच्यावर कायम ठेवला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय स्थापन करणारा कायदाही झाला. कादंबरीतील जवळजवळ सर्व पत्रे अस्सल असल्याचे बार्न्स अखेरच्या टिपणात सांगतात. ते टिपण वाचल्यावर निनावी पत्रांची पाने मी पुन्हा उघडली आणि त्यांतील विखार पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक जाणवला.