मे महिन्यात गाडी कुठं वळवायची: महाबळेश्वर की बामणोली?

साताऱ्यातून मित्रांची गाडी निघाली की हा वाद ठरलेलाच. दोन्हीकडं जमीन तीच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. पण ती डोळ्यांनी बघायची तर वाईवरून पसरणी घाट चढा. पाचगणीच्या टेबललँडवर पायाखाली तांबूस, भोकं पडलेला जांभा खडक लागतो. पुढं महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून समोरच्या कड्यात बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचे, थर एकावर एक रचलेले दिसतात. सुट्टीतली गर्दी मात्र जीव नकोसा करते.

बामणोलीच्या वाटेवरच्या कास पठारावर मे महिन्यात फुलं नसतात, ठोसेघरचा धबधबाही आटलेला. तरी मी बामणोलीच निवडेन. शिवसागर या कोयना धरणाच्या जलाशयात होडी, मोकळा रस्ता, मनसोक्त गप्पा! पहिल्यांदाच येणाऱ्यांनी मात्र महाबळेश्वर चुकवू नये. निघा पहाटेच; उन्हात जांभ्याचं पठार फार तापतं.