पन्नाशीनंतर लिंक्डइन: कशासाठी वापरावं, कशासाठी नाही

वरिष्ठ पद किंवा सल्लागाराचं काम शोधायला लिंक्डइन चांगलं आहे, पण ‘अर्ज करा’ या बटणामुळे नव्हे. तिथल्या गर्दीत तीस वर्षांचा अनुभव ‘महाग पडेल’ म्हणून बाजूला पडतो. खरा उपयोग शोधात सापडण्याचा. भरती करणारे पदनाम, कौशल्य आणि शहर टाकून माणसं शोधतात. त्यामुळे प्रोफाइलवर नावाखालच्या २२० अक्षरांत ‘अनुभवी व्यावसायिक’ लिहिणं म्हणजे जागा फुकट घालवणं. ‘प्लांट हेड, औषधनिर्मिती, यूएसएफडीए ऑडिट, पुणे’ असं नेमकं लिहा.

अनुभवात शेवटची १५ वर्षं तपशिलात, आधीचं दोन ओळींत. पदवीचं साल देणं सक्तीचं नाही. फोटो मात्र आत्ताचाच हवा. काळ्याभोर केसांचा जुना फोटो मुलाखतीत पहिल्याच मिनिटाला उघडा पडतो.

‘ओपन टू वर्क’ची, म्हणजे काम शोधत असल्याचं सगळ्यांना सांगणारी, फोटोभोवतीची हिरवी चौकट टाळा, फक्त रिक्रूटरना (भरती करणाऱ्यांना) दिसेल असा पर्याय निवडा. तरी सध्याच्या कंपनीला कळणारच नाही, याची हमी लिंक्डइन देत नाही.

प्रीमियम, म्हणजे लिंक्डइनची पैसे भरून घ्यायची सेवा? बहुतेकांना नको. तिथे जोडलेल्या ओळखीच्यांना निरोप फुकट जातो, आणि या वयात काम जुने सहकारी, पुरवठादार, ग्राहक यांच्याकडूनच येतं. मोफत महिना घेतलाच तर संपण्याआधी रद्द करा, नाहीतर पैसे आपोआप कापले जातात.

सल्लागारीचा दर ठरवताना पगाराचे आकडे तसेच उचलू नका: पीएफ, विमा, भरपगारी रजा यातलं काहीच नसतं, आणि सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते.